गाडी विकली, पण दावा तुमच्याच नावावर आला

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळच्या एका गृहस्थांनी आपली २०१४ सालची डिझेल गाडी मार्चमध्ये ओळखीतून आलेल्या माणसाला २ लाख ४० हजारांना विकली. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार करून नोटरी केली. १ लाख ९० हजार मिळाले, उरलेले ५० हजार ‘गाडी नावावर झाली की’ द्यायचे ठरले. ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. नाव काही झालं नाही. ऑक्टोबरमध्ये त्या गाडीने एका मोटारसायकलस्वाराला उडवलं आणि तो दगावला. आता मोटार अपघात न्यायाधिकरणाचं समन्स आलंय, मागणी २८ लाखांची. घेणारा उलट म्हणतो की इंजिनातला दोष लपवला, त्यामुळे ५० हजार देणार नाही. गृहस्थांचे प्रश्न तीन: गाडी माझी नाही, मी चालवतही नव्हतो, मग कोर्टात गेलो नाही तर चालेल ना? ५० हजारांचं काय? आणि माझ्याकडे दुसरी चावी आहे, गाडी उचलून आणू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई होण्याची भीती आहे. आणू नका. चावी कपाटात ठेवा. कारण पुढे येईलच.

आता मूळ गोष्ट. मी गेली बरीच वर्षं अपघाताचे दावे चालवतो, दोन्ही बाजूंनी. ‘साहेब, गाडी मी कधीच विकली’ हे वाक्य कोर्टाच्या आवारात आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. सांगणारा खोटं बोलत नसतो. अडचण अशी की आपल्याकडे गाडीची मालकी दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिली जाते आणि त्या वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. पहिली वही १९३० च्या मालविक्री कायद्याची. तिच्यात सौदा ठरला, गाडीचा ताबा गेला, की गाडी घेणाऱ्याची झाली. आरटीओत नाव लागलं की नाही हे ती विचारत नाही. दुसरी वही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची. तिच्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी तो मालक. तुमच्यात आणि घेणाऱ्यात भांडण असेल तेव्हा पहिली वही उघडते. तिसऱ्या माणसाला, म्हणजे रस्त्यावर जखमी झालेल्याला किंवा त्याच्या विधवेला भरपाई द्यायची असेल तेव्हा दुसरी. तुमची नोटरी पहिल्या वहीतला कागद आहे. समन्स दुसरीतून आलंय.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे मिटवला. त्या प्रकरणात नोंदणीकृत मालकाने गाडी २००७ साली विकली होती. ती दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, तिसऱ्याकडून चौथ्याकडे गेली, आणि चौथा म्हणाला मीही पुढे विकली. अपघात मे २००९ चा. आरटीओच्या नोंदीत मात्र पहिल्याचंच नाव. उच्च न्यायालयाने चौथ्यावर जबाबदारी टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती उलटवली आणि सांगितलं की अपघातग्रस्ताने गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग काढत बसायचं नाही, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरायचा. तुमची विक्री तर एकदाच झालेली आहे. त्यामुळे ‘मी विकली’ एवढ्यावर तुमचं नाव दाव्यातून निघेल या आशेवर राहू नका.

घाबरण्याआधी एक कागद शोधा: विमा पॉलिसी. अपघाताच्या दिवशी ती चालू होती का? सगळं गणित या एका तारखेवर फिरतं. करारात काय लिहिलंय यापेक्षा मी आधी हे विचारतो.

पॉलिसी तुमच्या नावावर असली आणि त्या दिवशी चालू असली, तर भरपाई मुख्यतः विमा कंपनीच्या अंगावर जाते. कंपनीचे वकील म्हणतील की विमाधारकाने गाडी विकली, आता त्याचा गाडीत हितसंबंध नाही, सबब आम्ही मोकळे. हा बचाव तिसऱ्या पक्षाच्या भरपाईपुरता टिकत नाही. पुष्पा ऊर्फ लीला विरुद्ध शकुंतला या २०११ च्या निकालात ट्रक १९९३ साली विकलेला, नाव बदललेलं नाही, अपघात १९९४ चा, विमा जुन्या मालकाच्या नावावर. न्यायालयाने नोंदणीकृत मालकाला जबाबदार धरलं आणि म्हणूनच त्याच्या विमा कंपनीलाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर तिसऱ्या पक्षाचा विमाही घेणाऱ्याकडे गेला असं कायदा मानून चालतो. म्हणजे कंपनीने कुठूनही वळसा घातला तरी अपघातग्रस्ताचे पैसे तिला चुकत नाहीत. फक्त घेणाऱ्याला स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम या कलमाने आपोआप मिळत नाही, त्यासाठी त्याने १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलायला अर्ज करायचा असतो.

म्हणून गाडी विकताना मी एक सांगतो ते लोकांना उलटं वाटतं: नाव बदलल्याची नोंद दिसेपर्यंत विमा रद्द करू नका. बरेच जण विक्रीच्या दुसऱ्या दिवशी उरलेला हप्ता परत मागतात. दोन-तीन हजार हातात येतात आणि डोक्यावरचं छप्पर जातं. तुमचा नो क्लेम बोनस तुम्हाला नव्या गाडीसाठी नेता येतो, तो घेणाऱ्याला जात नाही. पण त्यासाठी पॉलिसी मोडण्याची घाई नको.

पॉलिसी जुलैत संपलेली असेल तर मात्र खरी अडचण आहे. ‘गाडी माझ्याकडे नाही तर मी रिन्यू कशाला करू’ हे समजण्यासारखं आहे, पण न्यायाधिकरण विचारेल ते एवढंच की नोंदणीकृत मालक कोण आणि विमा होता का. अशा वेळी भरपाईचा आदेश तुमच्यावर आणि चालकावर होऊ शकतो. त्याची वसुली कलम १७४ खाली होते. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल केली जाते. शेती असलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एका निवृत्त शिक्षकांना आपल्यावर निवाडा झालाय हे पहिल्यांदा कळलं ते तलाठी दारात आला तेव्हा. समन्स आलं होतं, पण ‘माझा संबंध नाही’ म्हणून ते पाकिटासकट ट्रंकेत पडलं होतं. निवाडा एकतर्फी झाला. तो रद्द करून घेण्यात आमचं जे वर्ष गेलं त्यात त्यांनी विकलेल्या गाडीची किंमत कधीच संपून गेली.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तारखेला हजर राहायचंच. वकीलपत्र द्या, लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, वेळेत दाखल करा. कैफियतीत गाडी कधी, कुणाला, किती वाजता दिली ते लिहा, करार आणि पैसे आल्याचं बँकेचं स्टेटमेंट जोडा, आणि घेणाऱ्याला सामनेवाला म्हणून जोडण्याचा अर्ज द्या. यातून तुम्ही सुटाल असं नाही. पण गाडी कुणाच्या ताब्यात होती हे त्याच दाव्यात पुराव्यावर येतं आणि उद्या त्याच्याकडून पैसे वसूल करायची वेळ आली तर पाया तयार असतो. पॉलिसीची प्रत कैफियतीबरोबर द्याच. विमा असूनही कागद दाखल केला नाही म्हणून निवाडा मालकावर झालेला मी पाहिलेला आहे.

एक गोष्ट अजून तपासून घ्या, चालकाचा परवाना. परवाना नसेल तर न्यायालयं विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावतात आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. आमच्या भाषेत याला पे अँड रिकव्हर म्हणतात. गाडी विकली तेव्हा ज्याला दिली त्याचा परवाना पाहून प्रत ठेवली असेल, तर तो कागद इथे कामाला येतो.

पोलिसांकडची बाजू त्या मानाने सोपी आहे. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा चालवणाऱ्याचा, तो नोंदणीवर नाव आहे म्हणून तुमच्यावर येत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार चालक कोण होता ही माहिती पोलिसांनी मागितली की मालकाने द्यावी लागते. इथे नोटरी आणि ताबा पावती खरोखर उपयोगी पडते. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही घालावी असा माझा आग्रह असतो तो यासाठी. सायंकाळी साडेपाचला गाडी दिली आणि रात्री नऊला तिने कुणाला ठोकलं, असंही घडतं.

हीच गोष्ट दारूच्या वाहतुकीत सापडलेल्या गाड्यांची. आमच्या भागात गोव्याहून येणाऱ्या रस्त्यांवर गाडी पकडली की पहिला फोन आरसीवरच्या मालकाला. आणि अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर कलम १९९अ खाली पालक किंवा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. आपल्या नकळत घडलं हे सिद्ध करण्याचा भार मालकावरच असतो. चौकशीला बोलावलं तर करार, बँकेची नोंद, घेणाऱ्याचा आधार आणि फोन नंबर घेऊन जा, लेखी जबाब द्या, पोच घ्या.

याला जोडून एक सापळा. गाडी पोलीस ठाण्यात जमा असते आणि घेणारा गोड बोलून फोन करतो: ‘दादा, फक्त एक सही करा, कोर्ट गाडी मालकाच्याच नावे सोडतंय.’ सुपूर्दनाम्यावर, म्हणजे जमा गाडी ताब्यात घेण्याच्या कागदावर, सही करणारा माणूस कोर्टाला बंधपत्र लिहून देत असतो की मागाल तेव्हा गाडी हजर करीन, विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही. गाडी पुन्हा त्याच्याच घरी जाणार आणि बंधपत्र तुमचं राहणार. सही करायचीच तर आधी नाव बदलण्याचे कागद आणि राहिलेले पैसे, मग कोर्ट.

आता दुसरा प्रश्न, ५० हजार आणि इंजिन. तुमचा सौदाच थोडा उलटा ठरला होता हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘नाव झाल्यावर पैसे’ म्हणजे नाव लावलं की घेणाऱ्याच्या खिशातून ५० हजार जाणार. मग तो नाव कशाला लावेल? गाडी दारात आहे, फिरवतोय, चलन आलं तर मेसेज तुमच्या मोबाइलवर. फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर टोलही तुमचाच. (तो आज बंद करा.) अनामत ठेवायची असते ती घेणाऱ्याची विकणाऱ्याकडे: दहा-वीस हजार जास्तीचे ठेवून घ्यायचे आणि नाव झालेलं दिसलं की परत करायचे.

इंजिनाबद्दल. घरगुती विक्रीत विकणारा व्यापारी नसतो, आणि मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशा विक्रीत मालाच्या दर्जाची गर्भित हमी साधारणपणे नसते. घेणाऱ्याने पाहून, फिरवून, मिस्त्रीला दाखवून घ्यायचं. भारतीय करार कायद्याच्या कलम १७ खाली एक उदाहरण दिलंय ते मला फार आवडतं: एकजण लिलावात घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण त्याच कलमात वस्तुस्थिती सक्रियपणे लपवणं ही फसवणूक धरली आहे. गप्प बसणं आणि झाकणं यांत फरक आहे, आणि जुन्या गाड्यांचे निम्मे तंटे त्या फटीतच अडकलेले असतात.

सांगली-कोल्हापूरकरांना हा फरक पुराच्या गाडीवरून चटकन कळतो. २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात गाडी बुडालेली होती. घेणाऱ्याने विचारलं नाही, तुम्ही बोलला नाहीत, ही झाली एक गोष्ट. सीटखालचं मॅटिंग बदललं, गंजलेले बोल्ट रंगवले आणि विचारल्यावर ‘पाणी लागलेलंच नाही’ म्हणालात, ही पूर्ण वेगळी. दुसऱ्या प्रकारात घेणारा करार कायद्याच्या कलम १९ खाली करार रद्द करून पैसे परत मागू शकतो, आणि प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ पर्यंत, म्हणजे पूर्वीच्या ४२० पर्यंत जाऊ शकतं. मीटर मागे फिरवणंही याच खात्यातलं. मात्र कलम १९ मध्येच एक पोटअट आहे: गप्प राहून केलेल्या फसवणुकीत, साध्या काळजीने सत्य कळण्यासारखं असेल, तर करार रद्द करता येत नाही.

तुमच्या बाबतीत गाडी अकरा वर्षांची, घेणाऱ्याने ती सात महिने वापरली, आणि तक्रार आली ती पैसे मागितल्यावर. करारात ‘गाडी जशी आहे तशी, पाहून-चालवून घेतली’ हे वाक्य असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. विक्रीआधीची व्हॉट्सअॅपवरची बोलणी मात्र तुम्ही स्वतः आधी वाचून काढा. ‘इंजिन एकदम ओके, एक रुपयाचं काम नाही’ असं लिहिलं असेल तर ते त्याच्या वकिलाकडे आधीच पोचलेलं आहे असं समजा. तो ग्राहक आयोगात जाईन म्हणत असेल तर काळजी नको. घरची गाडी एकदा विकणारा माणूस त्या कायद्याच्या अर्थाने व्यापारी ठरत नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि तिथे ‘मिटवून टाका’ असा दबाव आला तर पैसे देऊन मोकळं होऊ नका. व्यवहार दिवाणी आहे असा लेखी जबाब द्या, सोबत करार जोडा.

५० हजारांसाठी आधी वकिलामार्फत नोटीस. त्याच नोटिशीत ठरावीक मुदतीत नाव बदलून घेण्याची मागणी घाला, आणि अपघाताच्या दाव्यात तुम्हाला जे भरावं लागेल ते त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क राखून ठेवा. दाद देत नसेल तर दिवाणी दावा: पैशासाठीही आणि नाव बदलायला भाग पाडणाऱ्या आदेशासाठीही. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. त्याने चेक दिला असता आणि तो वटला नसता तर काम सोपं होतं: बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, १५ दिवस वाट, मग महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. पुढच्या वेळी निम्मे पैसे ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून तारखेचा चेक घ्या. रोखीचा हट्ट असेल तर लक्षात ठेवा, एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यात तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे पैसे घेणाऱ्या तुम्हाला आहे.

आणि आता ती चावी. पहिल्या वहीप्रमाणे गाडी मार्चमध्येच त्याची झाली, पैसे बाकी असले तरी. ती त्याच्या दारातून गुपचूप आणली तर आरसीवर तुमचं नाव आहे या जोरावर तुम्ही सुटालच असं नाही. तो चोरीची फिर्याद देईल आणि करार तुमच्याविरुद्धच पुरावा होईल. त्याहून वाईट सल्ला पानपट्टीवर मिळतो: ‘गाडी चोरीला गेली म्हणून कंप्लेंट टाक, पोलीस शोधून आणतील.’ खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि न्यायाधिकरणापुढे तुमच्या शब्दाला किंमत उरणार नाही. एका पक्षकाराने मला न विचारता हे केलं होतं. त्याची मूळ बाजू चांगली होती. ती पुन्हा उभी करता आली नाही.

नाव बदलायचं काम आता तरी पुढे न्या. कायद्यानुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ ने आरटीओला कळवायचं असतं, परराज्यातल्या व्यवहारात ४५ दिवस, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. बहुतेक जण नमुना २९ आणि ३० या दोन्हींवर सह्या करून कोरे कागद घेणाऱ्याच्या किंवा एजंटच्या हातात ठेवतात आणि घरी जातात. ते कोरे कागद मग गाडीबरोबर तिसऱ्या, चौथ्या माणसाकडे जातात. नमुना २९ ही तुमची स्वतःची सूचना आहे, ती घेणाऱ्यावर सोपवायची नसते. आज उशीर झाला असला तरी भरून, कराराची प्रत लावून, स्वतः आरटीओत द्या, शिक्क्याची पोच घ्या, एक प्रत घेणाऱ्याला स्पीड पोस्टाने पाठवा. एकट्या या पोचेने तुम्ही नोंदणीकृत मालक राहत नाही असं नाही, २०१८ च्या निकालानंतर तर नाहीच. पण तुम्ही तुमचं कर्तव्य केलं हे त्यातून दिसतं, आणि पुढच्या घटनांसाठी तारीख निश्चित होते.

घेणारा सबब सांगेल की एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट नाही म्हणून काम अडलंय, किंवा बँकेचा बोजा उतरलेला नाही. पहिली सबब खरी असू शकते, १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती प्लेट लावावी लागते आणि तिच्याशिवाय आरटीओतली कामं अडतात. खर्च किरकोळ आहे, तुम्हीच करून टाका. कर्ज होतं का ते आरसीवर पाहा. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ नसेल तर नाव होणारच नाही, आणि ती चूक तुमची ठरेल.

जाता जाता, गाडी ओळखीच्या माणसाऐवजी डीलरला दिली असती तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांचा आधार होता. आरटीओने अधिकारपत्र दिलेल्या डीलरकडे गाडी गेली की नमुना २९सी ऑनलाइन भरला जातो आणि तेव्हापासून जबाबदारी डीलरची. फक्त तो फॉर्म खरंच भरलाय का हे जागेवर पाहायचं, ‘करतो साहेब’ यावर निघून यायचं नाही.

समन्सवर तारीख असेल. त्याआधी वकिलाकडे जाताना पॉलिसी, करार, बँक स्टेटमेंट, आरसीची झेरॉक्स आणि घेणाऱ्याशी झालेल्या सगळ्या मेसेजची छापील प्रत न्या. मेसेज फोनमधून पुसू नका, आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा. आणि पॉलिसी सापडत नसेल तर गाडीचा नंबर घेऊन विमा कंपनीच्या शाखेत आजच जा.